धनुष्य हाती नसताना धनुर्विद्या

आपल्या गावाचे नाव कामठा. मराठीत धनुष्यबाणाला 'तीरकामठा' असाही एक जुना शब्द आहे. त्यातला तीर म्हणजे बाण आणि कामठा म्हणजे धनुष्य. रोज तोंडात असलेल्या नावाचा हा अर्थ आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणून विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत धनुर्विद्येच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरविले. बंधू-भगिनींनो, हा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही. ज्यांच्या हाती धनुष्य नव्हते त्यांनी ही विद्या कशी मिळविली, याचा आहे.

याला कारणही तसेच घडले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील बर्लिन शहरी जागतिक धनुर्विद्या स्पर्धा झाली. साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि आपल्या नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही तिथे जगज्जेते झाले. ते टीव्हीवर पाहिल्यापासून मोहल्ल्यातली पोरं काड्या वाकवून, सुतळी बांधून बाण मारू लागली. आईबाप मात्र विचारतात, "त्या धनुष्याला लाखाच्या वर पैसे पडतात म्हणे. आम्ही रोजीवर जाणारी माणसं. आमच्या पोट्ट्यांनी काय हवेत हात मारायचे?"

आमचे उत्तर असे की, होय, सुरुवात हवेत हात मारूनच करायची. ही थट्टा नव्हे. धनुर्विद्येतला सगळ्यात अवघड भाग म्हणजे बाण सोडणे, आणि तो भाग धनुष्याविनाच उत्तम शिकता येतो. जगातले मोठमोठे तिरंदाज आजही तसा सराव करतात. अडीच हजार वर्षांमागच्या पाली ग्रंथांतही याच्या जवळ जाणाऱ्या खुणा सापडतात.

बाण सोडणे म्हणजे काय?

बघणाऱ्याला वाटते की धनुष्य ओढण्यात ताकद आहे आणि नेम धरण्यात कसब. बोटे उघडली की बाण सुटला, त्यात शिकायचे काय? पण खरी गोम तिथेच आहे.

ऑलिम्पिकमध्ये वापरतात त्या धनुष्याची दोरी ओढायला पुरुषांना सुमारे ४५ ते ५० पौंड, म्हणजे वीस-बावीस किलोचा जोर लावावा लागतो. ही दोरी उजव्या हाताच्या तीन बोटांच्या पेरांवर अडकवतात. पहिले बोट, मधले आणि अनामिका. अंगठा तळहाताकडे मिटलेला असतो, त्याचा दोरीशी संबंध नसतो. दोरी हनुवटीखाली आणून टेकवायची आणि मग सोडायची. सुटलेली दोरी बाणाला ढकलून मोकळी होते ती सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात. माणसाच्या मनात "आता उघड" असे येऊन बोटे हलायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे बोटांनी स्वतः उघडायचे म्हटले तर ती दोरीच्या वाटेत येतात. दोरी त्यांना घासून बाजूला सरकते आणि बाण भलतीकडे जातो. ७० मीटरवरच्या निशाणाचा दहा गुणांचा गोल फक्त १२.२ सेंटिमीटरचा असतो. दोरी किंचित सरकली तरी एवढ्या लांब जाईतो ती चूक हातभर होते.

म्हणून जाणकार सांगतात की बोटे उघडायची नसतात, ढिली सोडायची असतात. ओढण्याचा जोर हातात न ठेवता पाठीत, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये ठेवायचा. पाठ ओढत राहते, बोटे ढिली होतात आणि दोरी आपली आपण निघून जाते. मग मोकळा झालेला हात मानेलगत मागे सरकतो. हात आहे तिथेच थांबला किंवा पुढे गेला, तर समजावे की जोर पाठीत नव्हता.

हे आम्हा राईस मिलच्या माणसांना लवकर पटते. धानाचे पोते नवा हमाल हातांनी उचलायला बघतो आणि दुपारपर्यंत त्याचे हात भरून येतात. जुना हमाल पाय रोवतो, पाठ लावतो. त्याचे हात नुसते पोते धरून ठेवायला असतात. तिरंदाजाची बोटेही तशीच, नुसती कडी. काम पाठीचे.

आता ही गोष्ट धनुष्य हातात घेऊन का शिकता येत नाही? त्याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे नवशिक्याचे सगळे लक्ष धनुष्याच्या ओझ्याकडे जाते. दुसरे, समोर निशाण दिसले की मन बाणाबरोबर धावते, आपल्या बोटांनी काय केले हे कळतच नाही. तिसरे कारण धोक्याचे आहे. बाण न लावता धनुष्य ओढून सोडले तर बाणाने नेण्याचा सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर उलटतो. त्याची पाती तडकू शकतात, दोरी तुटू शकते आणि सोडणाऱ्याला इजा होऊ शकते. म्हणून बाणाशिवाय रिकामे धनुष्य कधीही सोडू नये, हा जगभर पहिला नियम आहे. मग नुसत्या सोडण्याचा सराव करायचा कसा? धनुष्यच बाजूला ठेवून.

वैशालीची मुले आणि गवताचा माणूस

आपल्याकडे धनुर्विद्या म्हटले की रामायण-महाभारतच आठवते. पण पाली तिपिटकात धनुर्धराच्या उपमा जागोजाग आहेत. धम्मपदाच्या चित्तवग्गाची सुरुवातच बाण सरळ करणाऱ्या कारागिराच्या उपमेने होते. सिद्धार्थ स्वतः शाक्य क्षत्रिय कुळातला होता. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात यशोधरेच्या विवाहाआधी झालेल्या धनुर्विद्येच्या चढाओढीची हकीकत आहे. देवदत्ताने बाण मारून पाडलेल्या पक्ष्याला सिद्धार्थाने वाचविले, तीही गोष्ट त्याच ग्रंथात आहे. ज्याला बाण मारता येतो त्याने तो कुठे मारू नये, हेही आपल्याला त्या कथेतून शिकायला मिळते.

संयुत्त निकायाच्या सच्च संयुत्तात वैशालीचा एक प्रसंग येतो. आयुष्मान आनंद भिक्षेसाठी नगरात जात असताना लिच्छवींची तरुण पोरे संथागारापाशी, म्हणजे त्यांच्या सभागृहापाशी, सराव करताना दिसतात. दूर उभे राहून ती कुलपाच्या भोकाएवढ्या लहान छिद्रातून बाणामागून बाण न चुकता पार करतात. आनंदाला मोठे नवल वाटते आणि परत आल्यावर तो भगवंतांना ते सांगतो. भगवंत विचारतात की हे अवघड, की केसाच्या चिरलेल्या टोकाने केसाचे टोक भेदणे अवघड? आणि मग म्हणतात की दुःखाचे सत्य जसे आहे तसे भेदणारे याहूनही अवघड काम करतात. यात भगवंतांनी त्या पोरांच्या मेहनतीला नावे ठेवलेली नाहीत. तिला मोजमाप धरून पुढची गोष्ट सांगितली आहे.

अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात सराव कसा करायचा तेच आले आहे. धनुर्धर किंवा त्याचा चेला आधी गवताच्या माणसावर नाहीतर मातीच्या ढिगावर सराव करतो आणि पुढे केव्हातरी दूरचा, झटपट आणि अचूक वेध घेणारा होतो, अशी ती उपमा आहे. तिथे ती ध्यानासाठी वापरली आहे. पण उपमा चालते कधी? ऐकणाऱ्यांना ती गोष्ट रोजच्या बघण्यातली असेल तेव्हा. म्हणजे त्या काळी नवशिक्याला एकदम निशाणावर सोडत नसत, आधी गवत आणि माती. आजही जगभरच्या मैदानांवर नवशिक्यांना दोन-तीन मीटरवर गवताच्या पेंढीसमोर उभे करतात, समोर कागदी निशाण लावतच नाहीत. काही वेळा डोळेही मिटायला सांगतात, म्हणजे सगळे लक्ष सोडण्याकडे राहते.

याहून बारीक माहिती 'मिलिंद प्रश्न' ग्रंथात आहे. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातला यवन राजा मिलिंद आणि भन्ते नागसेन यांचा हा संवाद. त्याच्या शेवटच्या भागात योग्याने कोणाकोणाचे गुण घ्यावेत याची मोठी यादी आहे, आणि त्यात तिरंदाज आहे. तिरंदाज बाण मारताना काय काय करतो ते नागसेन एकेक करून सांगतात. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवतो. गुडघे डगमगू देत नाही. भाता कमरेला लावतो. अंग ताठ धरतो. दोन्ही हात जागेवर आणतो. मूठ आवळतो. बोटांमध्ये फट राहू देत नाही. मान सावरतो. डोळे आणि तोंड मिटतो. नेम सरळ करतो. आणि आता वेध घेणारच म्हणून मनात प्रसन्न होतो.

वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा बघावी. पाय, गुडघे, अंग, हात, मूठ, बोटे, मान, डोळे, तोंड, मन. जवळजवळ सगळे माणसाच्या शरीराबद्दल आणि चित्ताबद्दल आहे. धनुष्य कोणत्या लाकडाचे, बाणाचे टोक कशाचे, याचा तिथे शब्द नाही. यातल्या बहुतेक गोष्टी रिकाम्या हातांनी, अंगणात उभे राहून शिकता येतात. नागसेन पुढे असेही सांगतात की तिरंदाज सकाळ-संध्याकाळ सराव करतो. दोन हजार वर्षांत या यादीतले फारसे काही जुने झालेले नाही. डोळे मिटून नेम कसा धरणार, एवढे वाचून कोणी हसेल. पण सरावाच्या वेळी आजचे गुरुजीही तेच करवून घेतात, ते वर सांगितलेच.

एकलव्याचा अंगठा

एकलव्याची कथा आपल्या चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. महाभारताच्या आदिपर्वात ती आहे. निषादांचा राजा हिरण्यधनू याचा हा मुलगा. निषाद म्हणून द्रोणाने त्याला शिकवायचे नाकारले. त्याने मातीचा द्रोण केला आणि रानात एकट्याने सराव केला. तो अर्जुनापेक्षा वरचढ झाला तेव्हा द्रोणाने गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागून घेतला. ही कथा घडली का, हा प्रश्न इथे बाजूला ठेवू. ती कोणी, कशासाठी लिहिली हे आपण ओळखून आहोत.

पण अंगठाच का मागितला, हे धनुर्विद्येच्या अंगाने बघण्यासारखे आहे. जगात दोरी ओढण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. एडवर्ड मोर्स नावाच्या अमेरिकन विद्वानाने १८८५ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरनिराळ्या देशांतले लोक बाण कसा सोडतात ते पाहून आणि जुन्या शिल्पांतले हात तपासून त्याने त्यांचे प्रकार पाडले. मंगोल, तुर्क, चिनी, जपानी लोक अंगठ्याने दोरी ओढत. आपल्याकडे मोगल सरदारही तसेच ओढत आणि अंगठ्याला इजा होऊ नये म्हणून दगडाची किंवा हस्तिदंताची अंगठी घालत. तशा अंगठ्या आज संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत. युरोपात मात्र दोन किंवा तीन बोटांनी ओढायची रीत होती. आजच्या ऑलिम्पिकची रीत तीच.

म्हणजे जिथे अंगठ्याने ओढतात तिथे अंगठा गेला की विद्या अडली. पण तीन बोटांच्या रीतीत अंगठ्याचे काही कामच नाही. महाभारतातही पुढे एक गोष्ट लिहिली आहे, ती कथेकरी सहसा सांगत नाहीत. अंगठा दिल्यावर एकलव्याने धनुष्य टाकून दिले नाही. तो उरलेल्या बोटांनी बाण मारू लागला. पहिल्यासारखा झपाटा राहिला नाही एवढेच. ज्यांनी अंगठा घेतला त्यांना तो संपला असे वाटले, पण त्याने सोडण्याची रीत बदलली आणि विद्या चालू ठेवली. मध्य भारतातले भिल्ल बांधव आजही अंगठा न लावता बोटांनीच बाण सोडतात आणि ते एकलव्याच्या आठवणीसाठी आहे असे सांगितले जाते.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. देशातील उत्तम खेळाडूंना १९६१ पासून अर्जुनाच्या नावाने पुरस्कार दिला जातो आणि उत्तम प्रशिक्षकांना १९८५ पासून द्रोणाचार्यांच्या नावाने. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचा आदिवासी तिरंदाज लिंबाराम बांबूचे धनुष्य घेऊन मोठा झाला. १९८७ साली सरकारच्या क्रीडा योजनेत त्याची निवड झाली आणि पुढे त्याने सोल, बार्सिलोना, अटलांटा अशी तीन ऑलिम्पिक गाठली. १९९१ साली त्याला पुरस्कार मिळाला, तो अर्जुन पुरस्कार. त्याच्या कर्तबगारीचा तो मान होताच, त्याबद्दल दुमत नाही. पण रानातल्या पोराच्या हाती अर्जुनाच्या नावाचा पुरस्कार देताना कोणालाच काही खटकले नसेल काय? वाचकांनी विचार करावा.

जपानची वाट

धनुष्याविना सराव करण्याची सगळ्यात बांधीव पद्धत जपानात आहे. तिथल्या धनुर्विद्येला क्यूदो म्हणतात. जपानी धनुष्य माणसापेक्षाही उंच असते. नवशिक्याच्या हाती ते लगेच देत नाहीत. आधी रिकाम्या हातांनी पाय ठेवणे, अंग सावरणे, हात वर नेणे, ओढणे आणि सोडणे हे सगळे क्रमाने करवून घेतात. मग हाती येतो तो लाकडी मुठीला रबर बांधलेला तुकडा. त्यानंतर खरे धनुष्य, पण तेही गवताच्या जाड पेंढीसमोर, जेमतेम एका धनुष्याच्या अंतरावर. निशाण सगळ्यात शेवटी. अंगुत्तर निकायातला गवताचा माणूस इथे पुन्हा भेटल्यासारखा वाटतो.

हेरिगेल नावाचे एक जर्मन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक १९२४ ते १९२९ जपानातील सेंदाई शहरी शिकवायला होते. तिथे त्यांनी आवा केन्झो या गुरूकडे धनुर्विद्या शिकली. १९४८ साली त्यांनी झेन आणि धनुर्विद्येवर छोटेसे पुस्तक लिहिले, ते जगभर गाजले. बाण 'मी' सोडायचा नाही, तो आपोआप सुटला पाहिजे, हे अंगी यायला आपल्याला फार काळ लागला असे त्यांनी त्यात लिहिले आहे. झेन हा बौद्ध पंथ असल्याने आपल्यातले काही जण हे पुस्तक अभिमानाने दाखवतात. पण आपण सत्याला धरून चालणारी माणसे. यामादा शोजी या जपानी अभ्यासकाने २००१ साली दाखवून दिले की आवा गुरुजी झेनचे साधक नव्हते आणि भाषेच्या अडचणीमुळे प्राध्यापकांनी पुष्कळ गोष्टींना गूढ रंग दिला. शिवाय हेरिगेल पुढे नाझी पक्षात गेले, हेही लपवू नये. सोडण्याबद्दल त्यांनी जे अनुभवले ते खरेच आहे, पण त्यात चमत्कार नाही. बोटाला हुकूम पोचायच्या आत दोरी निघून जाते, हे वर आलेच आहे. अनुभवाला पटेल ते घ्यावे आणि गूढ सोडून द्यावे, हीच आपली शिकवण आहे.

बांबूपासून बर्लिनपर्यंत

आपल्या भागात धनुष्य नवे नाही. सालेकसा, देवरीच्या रानात आणि पुढे गडचिरोली, बस्तरपर्यंत गोंड बांधवांकडे बांबूचे धनुष्य पिढ्यान्पिढ्या चालत आले. कामठ्याची जमीनदारी तर जुन्या भंडारा जिल्ह्यात नामांकित. १८१८ साली इथल्या चिमणा पाटलाने इंग्रजांविरुद्ध बंड केले, त्याची नोंद इतिहासात आहे. पण गढीच्या आतली हत्यारे गढीवाल्यांची होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती होती ती कोतवालकीची काठी. पुढे १९२७ साली बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभे केले, तेव्हाही पोरांच्या हाती काठीच होती. तरी कवायतीने त्यांची पावले, रांग आणि मान बदलली. हत्यार हाती येण्याआधी अंगाला शिस्त लावता येते, हे आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

देशात खेळ म्हणून धनुर्विद्येची संघटना १९७३ साली उभी राहिली. महाराष्ट्रात अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीने या खेळात पुष्कळ मुले घडविली. त्यातलाच प्रवीण जाधव. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. आईबाप मजुरी करणारे. शाळेतल्या क्रीडा शिक्षकांनी हात दिला, आधी धावायला लावले, मग प्रबोधिनीत धाडले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत भारताच्या संघाने रौप्यपदक मिळविले त्या संघात तो होता, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो देशातर्फे खेळला. मजुराच्या घरातून ऑलिम्पिकपर्यंत वाट आहे, ही गोष्ट आपल्या पोरांना सांगावी.

अदिती स्वामी साताऱ्याजवळच्या खेड्यातली. तिने सराव सुरू केला तो उसाच्या शेतालगतच्या साध्या मैदानावर. २०२३ च्या जुलैमध्ये ती आयर्लंडमध्ये अठरा वर्षांखालील गटात जगज्जेती झाली आणि महिनाभरात बर्लिनला मोठ्यांच्या गटातही. अंतिम सामना तिने १४९ विरुद्ध १४७ असा जिंकला. ओजसने तर १५० पैकी १५० गुण घेतले, आणि ते घेतले म्हणूनच जिंकला, कारण समोरच्याने १४९ घेतले होते. या दोघांचे धनुष्य 'कंपाउंड' जातीचे, चाके लावलेले. त्याची दोरी बोटांनी सोडत नाहीत, हातातल्या एका लहान यंत्राने सोडतात. मग तिथे तरी बोटांची अडचण नसेल? तर तसे नाही. खटका आपल्या मनाने झटकन दाबला की धनुष्य हलते. तिथेही पाठ ओढत राहायची आणि खटका आपल्या नकळत सुटू द्यायचा. म्हणूनच कंपाउंडवालेही दोरीच्या तुकड्याला हे यंत्र लावून धनुष्याविना सराव करतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच घेण्याचे ठरले आहे. आज बारा-तेरा वर्षांची जी पोरे आहेत त्यांच्यासाठी पुढची दारे उघडत आहेत.

विहाराच्या पटांगणात काय करता येईल?

इतिहास वाचून नुसते वा वा म्हणण्यात अर्थ नाही. पटांगणात सुरू करता येईल अशी ही रीत आहे. खर्च दोन-चार रुपयांच्या दोरीचा.

नायलॉनची पेन्सिलपेक्षा बारीक, न ताणणारी दोरी घ्यावी. तिचे वेटोळे करून गाठ घट्ट बांधावी. एक टोक डाव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात धरावे, हात निशाणाकडे लांब करावा. दुसरे टोक उजव्या हाताच्या तीन बोटांत अडकवून हनुवटीखाली आणावे. दोरी तेव्हा बरोबर ताठ झाली पाहिजे. ढिली पडली किंवा अपुरी पडली तर गाठ सरकवून माप घ्यावे. प्रत्येक पोराचे माप वेगळे असते. डावखुऱ्याने हात उलटे घ्यावेत.

मग नागसेनांची यादी आठवावी. पाय रोवलेले, गुडघे स्थिर, अंग ताठ, मान सरळ, बोटांत फट नाही. डाव्या हाताने दोरी पुढे ढकलायची, पाठीने मागे ओढायची. दोन-तीन आकडे मोजून बोटे ढिली सोडायची. बरोबर सुटले तर दोरी पुढे उडी घेते आणि उजवा हात मानेलगत मागे जातो. बोटे मुद्दाम उघडली तर दोरी जागीच मरगळून पडते. खोटे चालत नाही, दोरी लगेच सांगते. रोज वीस-पंचवीस वेळा, सकाळ-संध्याकाळ, एवढे पुरे. घाईने शंभर वेळा करण्यापेक्षा लक्षपूर्वक वीस वेळा बरे. दोन पोरांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांचे हात तपासावेत. मुलींनाही पहिल्या दिवसापासून रांगेत घ्यावे, अदितीचे नाव घेऊन घ्यावे.

ताकदीसाठी रबराची पट्टी किंवा सायकलची जुनी ट्यूब ओढता येते. मात्र ती सोडायची नाही, सावकाश परत न्यायची. सुटली तर तोंडावर बसते. आणि काड्यांचे धनुष्य करून पोरांनी एकमेकांकडे बाण रोखणे आईबापांनी आजच बंद करावे. डोळा गेला तर परत येत नाही. खरे धनुष्य हाती येईल तेव्हा जाणता शिकविणारा जवळ असलाच पाहिजे.

केवळ दोरीने कोणी जगज्जेता होणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. पुढे धनुष्य लागेल, मैदान लागेल, प्रशिक्षक लागेल, आणि ते मिळविण्यासाठी जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात आपल्याला अर्ज घेऊन जावे लागेल, भांडावेही लागेल. पण ज्या दिवशी क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी असेल, त्या दिवशी आपले पोर तिथे कोरे जाणार नाही. त्याची पाठ, बोटे आणि मन तयार असेल. ज्यांच्याकडे धनुष्य आहे पण सवय नाही, त्यांच्यापेक्षा ते चार पावले पुढेच असेल.

धानाच्या रोवणीआधी पऱ्हे टाकतात. पऱ्हे चांगले असतील तर पाऊस लांबला तरी शेतकरी धीर सोडत नाही. दोरीचा सराव म्हणजे आपल्या पोरांचे पऱ्हे आहेत असे समजावे. या वर्षावासात विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यासाठी ठेवावा, अशी आमची सर्व उपासक-उपासिकांना विनंती आहे. दोरी आम्ही आणून देऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!